साडूंचे नऊ तास

मास्तरांची अडचण अशी, की त्यांना काही दुःखच नव्हतं. हसू नका. ज्या माणसाला समुपदेशक व्हायचंय, त्याच्यासाठी ही मोठी पंचाईत असते.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. एकवीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवून, त्यांनी कितीतरी लोकांना चौकातून सुखरूप वळायला शिकवलं होतं. हातात स्टिअरिंग आलं की घाबरलेला माणूस बोलायला लागतो. कुणी घटस्फोटाचं सांगायचं, कुणी नोकरी गेल्याचं. एक काकू तर रिव्हर्स घेता घेता आईच्या आठवणीने अशा रडायला लागल्या, की मास्तरांना ब्रेक मारून गाडीच थांबवावी लागली. मग त्यांनी काकूंना दोन विनोद सांगून हसवलं. पण घरी आल्यावर त्यांना चुटपुट लागून राहिली. काकूंना त्या वेळी हसायचं नव्हतंच, हे त्यांना जेवताना उमगलं, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर समुपदेशनाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

"जा बाई जा," बायको म्हणाली, "निदान संध्याकाळी तरी दुसऱ्या कुणाचं डोकं खाल."

दीड वर्ष झकास गेलं. मग तो नियम आडवा आला. परीक्षेला बसण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः वीस तास एका अनुभवी समुपदेशकासमोर बसायचं, आपलं मन मोकळं करायचं, आणि अर्जावर त्यांची सही आणायची. लोकांना ज्या खुर्चीत बसवणार, त्या खुर्चीत आधी आपण बसून बघा, असा त्यामागचा हिशेब. वर्गात यावर बरीच वादावादी झाली. एक नर्सताई म्हणाल्या, सक्ती करून कुणाचं मन उघडतं का? बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, आता लोक फोनलाच मनातलं सांगतात आणि फोनही गोड गोड उत्तरं देतो, आपण निदान माणसासमोर बसायला तरी शिकू. मग शिक्षकांनी ज्याला त्याला विचारलं, तुम्ही या कामाकडे का वळलात. एकेक जण सांगू लागला. कुणाचं बालपण हरवलेलं, कुणाचं माणूस गेलेलं. मास्तरांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मला सर्दी झालीय, पुढच्या वेळी सांगतो."

कारण सांगणार काय? बायको चांगली, मुलगी गुणी, आईवडील ठणठणीत, रात्री उशीला डोकं लागलं की झोप. दुःख न बघितलेल्या माणसासमोर कोण रडायला बसेल, हा विचार त्यांना पोखरू लागला.

त्यांना नेमून दिलेल्या समुपदेशक साठीच्या घरातल्या होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. दोन खुर्च्या, एक तिपाई, खिडकीत एक कुंडी, एवढीच त्यांची खोली. पहिले तीन तास मास्तरांनी विनोद सांगून काढले. बाई ऐकत राहिल्या, आणि तिसऱ्या तासाच्या शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं. आणि तुमचं?"

या दोन शब्दांनी मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चौथ्या तासाला बाईंनी पुन्हा तेच विचारलं, आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "मला घरात कुणी विचारत नाही."

हे वाक्य त्यांचं नव्हतं. ते त्यांच्या साडूंचं होतं, म्हणजे मेव्हणीच्या नवऱ्याचं. साडूंचं चष्म्याचं दुकान होतं. दर रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवत, आणि दर रविवारी साडू ताटावरून उठता उठता म्हणत, "दिवसभर मीच लोकांना विचारतो, आता बरं दिसतंय का, आता बरं दिसतंय का. घरी आलो की मला कुणी विचारत नाही." त्यावर मास्तर काहीतरी कोटी करत, सगळे हसत, साडूही हसत आणि हात धुवायला जात.

आता मात्र मास्तरांना घबाड सापडलं. चष्म्याच्या जागी त्यांनी गाडीचा आरसा घातला आणि दर आठवड्याला साडूंचं एकेक गाऱ्हाणं आणून बाईंपुढे मांडलं. मुलगा परगावाहून फोन करतो तो फक्त आईला. वाढदिवसाला आपणच आठवण करून द्यायची. आपण बोलायला लागलो की टीव्हीचा आवाज वाढतो. सांगता सांगता मास्तरांचा आवाज आपोआप खाली यायचा, साडूंसारखाच. एकदा तर त्यांना रुमाल काढून डोळे टिपावे लागले, आणि घरी जाताना ते स्वतःवर जाम खूश झाले.

साडूंच्या गाऱ्हाण्यांचे असे नऊ तास झाले. त्यातल्या शेवटच्या तासाला बाई म्हणाल्या, "हे वाक्य घरी एकदा बोलून बघाल का? भांडण नको, तक्रार नको. नुसतं सांगायचं."

आता आली का पंचाईत? पण घरचा अभ्यास म्हणजे घरचा अभ्यास. मास्तरांनी संध्याकाळी जेवताना घसा खाकरला आणि म्हणाले, "मला या घरात कुणी विचारत नाही."

मुलीचा घास हातातच राहिला. बायकोने वाढायचा डाव खाली ठेवला. पण दुसऱ्या दिवसापासून मास्तरांवर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. चहा आत्ता हवा की पाच मिनिटांनी? पंखा दोनवर ठेवू की तीनवर? बाबा, मी निळा शर्ट घालू की पांढरा? खिडकी उघडी चालेल ना? चौथ्या दिवशी मास्तर बाथरूममध्ये असताना बाहेरून आवाज आला, "अहो, पाणी पुरेसं गरम आहे ना?" त्यांना हसू आवरेना. ते हसतच बाहेर आले, आणि बघतात तर बायको दाराशी टॉवेल घेऊन उभी, आणि तिचे डोळे भरलेले.

"तेवीस वर्षं तुम्हाला असं वाटत होतं?" ती म्हणाली. "मला कळलंसुद्धा नाही हो."

त्यांनी तिला तिथेच, केस निथळत असताना, सगळं सांगून टाकलं. बायकोने आधी सुटकेचा श्वास टाकला, मग टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला.

"दुःखसुद्धा उसनं आणलंत? आणि तेही माझ्या ताईच्या घरातून?" आणि मग तिला असं हसू फुटलं, की ती भिंतीला टेकून खालीच बसली. हसून झाल्यावर मात्र डोळे पुसत म्हणाली, "आधी त्या बाईंना जाऊन सांगा. आणि खबरदार परत म्हणालात, की तुम्हाला घरात कुणी विचारत नाही."

बाईंना सांगणं म्हणजे सहीवर पाणी सोडणं, हे मास्तरांना दिसत होतं. परीक्षा नऊ आठवड्यांवर आलेली. सही नाही तर अर्ज नाही, अर्ज नाही तर दोन वर्षं गेली उडत. तरी ते गेले आणि खुर्चीच्या टोकावर बसून एका दमात बोलले.

बाईंनी चष्मा काढून तिपाईवर ठेवला. "म्हणजे नऊ तास मी कुणाशी बोलत होते?"

"माझ्या साडूंशी."

बाईंच्या ओठाचा कोपरा जरा हलला. पण आवाज सरळ होता. "हे नऊ तास धरता येणार नाहीत. तीन झाले, सतरा राहिले. आठवड्यातून दोनदा यावं लागेल."

"येतो. पण सांगू काय? मला खरंच दुःख नाही हो."

"मग सुख सांगा. ते कुणाला नीट सांगता येतं असं वाटतं तुम्हाला?" बाई जराशा पुढे झुकल्या. "पण त्याआधी एक काम आहे. ज्यांची गोष्ट त्यांना न विचारता तुम्ही इथे आणलीत, त्यांना जाऊन सांगा. उद्या तुमच्यासमोर माणसं बसतील. त्यांचं बोलणं असंच बाहेर नेणार आहात का? साडूंना कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

मास्तरांचे कान तापले. एवढं साधं त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

ते दाराशी पोचले तेव्हा बाई म्हणाल्या, "नऊ तासांत तुम्ही एकही विनोद केला नाहीत. साडूंसमोरही असेच बसता?"

"नाही," मास्तर म्हणाले. "त्यांच्यासमोर मी फक्त विनोदच करतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गिऱ्हाईक नसतं अशी वेळ बघून, मास्तर साडूंच्या दुकानात शिरले. साडू काउंटरमागे मऊ फडक्याने एक भिंग पुसत होते. मास्तर डोळे तपासायच्या खुर्चीत बसले, कारण बसायला दुसरी खुर्ची नव्हती. समोर भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत गेलेली अक्षरं. त्यांच्याकडे बघतच मास्तरांनी सगळं सांगितलं. वाक्य कुठून उचललं, मुलाच्या फोनचं सांगितलं, वाढदिवसाचं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही.

साडू तेच भिंग पुसत राहिले. मास्तरांच्या जिभेवर एक फर्मास विनोद येऊन उभा राहिला. त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. पण दुकानात ब्रेक कुठला? त्यांनी पाय मागे घेतला, तोंड बंद ठेवलं, आणि साडूंची माफी मागायची तेवढी मागून गप्प बसून राहिले. साडू उठून निघून गेले असते, आयुष्यभर बोलले नसते, तरी त्यांना आज बोल लावता आला नसता.

"नऊ तास?" शेवटी साडू म्हणाले.

"नऊ तास."

"नुसतं माझ्याबद्दल?"

"नुसतं तुमच्याबद्दल."

साडूंनी भिंग खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत बसलेल्या मास्तरांना तो काही सापडेना. साडू काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "मग? त्या बाई काय म्हणाल्या?"

"तुम्ही रागावला नाहीत?"

"ते रागावायचं मी नंतर बघतो. आधी सांगा, बाई काय म्हणाल्या?"

"त्यांनी बरंच विचारलं हो. एकदा विचारलं, कामावरची सगळी माणसं गेली की मग तुम्ही एकटे काय करता."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मला कुठे माहीत होतं? ठोकून दिलं, रेडिओ ऐकतो म्हणून."

"रेडिओ?" साडू खो खो हसले. "तो तर तीन वर्षांपूर्वीच बंद पडला."

आता इथे मास्तरांनी जे केलं, ते दीड वर्षाच्या वर्गात त्यांना जमलं नव्हतं. ते खुर्चीत सरळ झाले, भिंतीवरच्या अक्षरांवरून नजर काढून साडूंकडे वळले आणि म्हणाले, "मग काय करता, साडूभाऊ?" आणि उत्तराची वाट बघत बसले.

साडूंनी जाऊन दारावरची पाटी उलटी केली. दुकान बंद. आले ते चक्क लाजत आले. "कुणाला सांगायचं नाही."

"बाईंनाही नाही."

"बाईंना सांगा, चालेल. माझी परवानगी आहे." मग त्यांनी आपला काळा, जाड चष्मा काढून ठेवला, काचेचं कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यातून एक लालभडक फ्रेम काढली, मांजराच्या डोळ्यांसारखी दोन्ही टोकांना वर गेलेली. ती नाकावर चढवून ते आरशासमोर उभे राहिले, मान जरा तिरकी केली, भुवया उडवल्या. "गिऱ्हाइकं गेली की हे. रोज पाच-सहा तरी घालून बघतो. कधी कधी शीळ पण वाजवतो."

आणि मग ते मास्तरांकडे वळले. फ्रेमला काचा नव्हत्या, आणि त्यामागचे त्यांचे डोळे मास्तरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितले.

"कशी दिसते?" साडूंनी विचारलं.

मास्तरांजवळ चार विनोद तयार होते, चारही चांगले.

"छान दिसते," ते म्हणाले. "दुसरी घालून दाखवा."