चार बोटं सरकलेला गणपती

आमच्या मंडळाचा देखावा दरवर्षी मीच करतो. कंपनीत मी फिटर आहे, त्यामुळे मोटर, पुली, स्प्रिंग ही माझी घरचीच माणसं. मागच्या वर्षी मी कालियामर्दन केलं होतं. तिसऱ्या दिवशी नागाची शेपटी पट्ट्यात अडकली आणि कृष्ण उलटा फिरायला लागला. पूर्ण रोह्यात मला त्यावरून इतकं पिडलं की यंदा ठरवलं, असं काहीतरी करायचं की बघणाऱ्याचा आ वासलेला राहिला पाहिजे.

म्हणून भारताचा नकाशा हलवायचा ठरवला. कुठल्या भागात आजवरचा सगळ्यात मोठा भूकंप कोणता, ते दाखवायचं. प्लायवूडचा भलामोठा नकाशा, त्याचे भाग वेगवेगळे कापलेले, प्रत्येकाच्या खाली स्प्रिंग आणि मोटर. वर रेकॉर्ड केलेला आवाज माहिती सांगणार आणि तो तो भाग हादरणार. दोन हजार चारचा अंदमानकडचा सगळ्यांचा बाप होता, पण तो समुद्रातला. त्याला पाणी दाखवावं लागलं असतं आणि मंडपात पाणी म्हणजे शॉकला आमंत्रण. तेव्हा जमिनीवरचेच घेतले. लहानापासून मोठ्याकडे: किल्लारी, कोयना, कच्छ, कांगडा, बिहार आणि शेवटी आसाम.

सगळे खूश होते. फक्त बायकोनं, शिल्पानं, यादीतलं पहिलंच नाव ऐकून मान फिरवली.

"आईचं काय?" ती म्हणाली.

तिची आई, इंदुबाई, आमच्याकडेच असते. सासूबाई मूळ किल्लारीजवळच्या एका खेड्यातल्या. त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशीला गणपती पोचवून गाव दमून झोपलं आणि पहाटे घरं खाली आली. दगडमातीच्या जाड भिंती होत्या. माझे सासरे आणि शिल्पाचा तान्हा भाऊ त्यांत गेले. सासूबाई आणि लहानगी शिल्पा तेवढ्या वाचल्या. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात कामाला असलेल्या दिरानं दोघींना इकडे आणलं.

हे झालं जगाला माहीत असलेलं. सासूबाईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. उत्तरपूजा झाली की आपण अक्षता टाकून मूर्ती जागेवरून जराशी सरकवतो. मूर्ती हलली की देव निघाला, मग त्याला कुणी थांबवू नये. त्या संध्याकाळी सासरे म्हणत होते, अजून घटकाभर राहू दे. पोर रडत होतं, स्वयंपाक व्हायचा होता, म्हणून सासूबाईंनीच पुढे होऊन पाटाला हात लावला. "म्या देवाला घराभाईर काढला, आन त्याच राती घर पडलं," असं त्या शिल्पाला एकदाच म्हणाल्या होत्या. आमच्या घरचा गणपती गेला की त्या रात्री आमचं दार उघडं असतं. सासूबाई अंगणात सतरंजी टाकून बसतात आणि आम्हालाही कुणाला आत झोपू देत नाहीत. मी त्यांना भूगर्भ, खडक, भेगा सगळं समजावलंय. त्या शांतपणे ऐकतात, "व्हय जावईबापू" म्हणतात आणि सतरंजी उचलतात.

मी अध्यक्षाला, अमोलला म्हटलं, किल्लारी वगळू या. तो म्हणाला, "आपल्या म्हाराष्ट्राचाच नाय दाखवला तर लोक काय म्हणतील? आवाज बारीक ठेव हवा तर." आवाज बारीक ठेवायचं ठरलं. आमच्या मंडळात आवाज बारीक ठेवायचं दरवर्षी ठरतं.

मूर्ती पेणची, रामवाडीच्या दत्तात्रेयकाकांच्या कारखान्यातली, शाडूची. टेम्पोत चढवताना काकांनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ सुभाष, पाटाला खिळा मारायचा नाय. दोरी लावायची नाय. देव बांधून ठेवायचा नसतो."

"पण काका, फळ्या हलणार खाली."

"मग तुझं मशीन बांध. देव कशाला बांधतोस?"

आता खरं तर तिथंच मला शहाणपण सुचायला हवं होतं. पण पेण ते कोलाड हायवेवर टेम्पो ज्या खड्ड्यांतून गेला, त्यात माझी कंबर हलली, ड्रायव्हरची कवळी हलली, गणपती हलला नाही. कोलाडला चहा पिताना मी अमोलला म्हटलं, ह्या रस्त्यावर जो टिकला त्याला आसाम काय करणार? टेम्पोत मूर्तीभोवती पेंढा ठासला होता आणि चार जण तिला धरून बसले होते, हे मी सोयीस्कर विसरलो. मशीनची चाचणी मी आधीच पाटावर तांदळाची पोती ठेवून घेतली होती. पोतं बसकं असतं, ते कशाला सरकतंय? त्यात अमोलला फोटोत देव आणि नकाशा एकत्र हवे होते. म्हणून मूर्ती बसली ती हिमालयाच्या मागे, त्याच फळ्यांवर.

प्राणप्रतिष्ठा झाली. आता मूर्तीला विसर्जनापर्यंत कुणी हलवायचं नाही.

पहिले दोन दिवस गर्दी बेताची होती, आवाजही बारीक होता आणि सगळं झकास चाललं. तिसऱ्या संध्याकाळी मंडप खचाखच भरला. मी स्विचबोर्डाशी बसलो होतो. कर्णा नेहमीप्रमाणे मोठा झाला होता आणि आज कोणकोणते भूकंप दाखवणार, त्यांची नावं गल्लीभर ऐकू जात होती. पहिलाच खेळ लावणार, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सासूबाई आल्या, पायात चपलाही नाहीत. मागून शिल्पा धावत आलेली, तिचा चेहरा पांढरा पडलेला.

"गावाचं नाव ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "दावा मला."

मी म्हटलं, राहू द्या आई, उद्या निवांत बघा. त्या हलल्या नाहीत. शेवटी मी बटण दाबलं.

दख्खनच्या तुकड्यावर एक छोटा दिवा लागला आणि तुकडा थरथरला. कढईत तेल तापताना थरथरतं, तेवढाच. आवाज म्हणाला, तीव्रता सहा पूर्णांक दोन.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता रडतील. मी घाईघाईनं सांगायला लागलो, की आई, मोठेपणावर काही नसतं. तुमचा अगदी कमी खोलीवर होता, घरांच्या पायाशी, आणि भिंती दगडाच्या. त्या नकाशाकडेच बघत होत्या.

"ह्याच्याहून मोटं हायत?"

"हायत. आसामचा एकोणीसशे पन्नासचा, तुमच्यापेक्षा चार हजार पट जोर होता त्याच्यात."

हा आकडा मी देखावा करताना कागदावर मांडला होता. तेव्हा तो नुसता हिशेब होता. त्यांच्याकडे बघून बोलताना तो मला पहिल्यांदा कळला. ज्या धक्क्यानं त्यांचं सगळं गाव झोपेत गाडलं, तसे चार हजार, एकाच वेळी, एकाच जमिनीत.

"आन तितं काय झालं?"

"डोंगरचे डोंगर नदीत उतरले. नदी अडली. मग काही दिवसांनी तो बांध फुटला आणि खालची गावं वाहून गेली."

सासूबाईंनी हात जोडले, पण देवाकडे बघून नाही. नकाशावरच्या त्या वरच्या कोपऱ्याकडे बघून जोडले.

कोयना झाला, कच्छ झाला. कांगड्याला पोरं ओरडायची थांबली. मला स्वतःला भान राहिलं नव्हतं. आपण सकाळी उठून ज्या जमिनीवर दात घासत उभे राहतो, तिच्या पोटात एवढं आहे, आणि ती बहुतेक दिवस काही करत नाही, हेच मोठं नवल वाटायला लागलं. मग आसाम आला. मी सगळ्यात जड वजन लावलेली मोटर चालू केली. पुढच्या फळ्यांवर चढलेल्या गर्दीच्या भारानं त्या आधीच ताणलेल्या होत्या. नकाशा दणाणला, हिमालय दणाणला, समया लपलपल्या आणि बाप्पाच्या मागची झालर हलायला लागली.

मोटर बंद झाल्यावर शिल्पानंच आधी बघितलं. पाटाभोवती पहिल्या दिवशी टाकलेल्या, ओल्या कुंकवानं फळीला चिकटून वाळलेल्या अक्षतांचं कडं जागेवरच होतं. पाट त्यातून चार बोटं बाहेर आला होता आणि जिथं तो होता तिथं फळीचं कोरं लाकूड दिसत होतं.

मूर्ती हलली होती. अजून आठवडा बाकी होता आणि मूर्ती हलली होती.

मी सासूबाईंकडे बघू शकलो नाही. ज्या बाईनं आयुष्यभर एका हलवलेल्या पाटाचं ओझं वाहिलं, तिच्यासमोर मी दुसरा पाट हलवून दाखवला होता. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. अमोल म्हणाला, गुपचूप मागं ढकलू या. कुणी म्हणालं, ढकलायला हात लावलास की विसर्जनच. शेवटी गुरुजींना बोलावलं. ते आले, वाकून बघितलं आणि पंच्याला हात पुसले.

"मी मंत्र म्हटला नाय. निरोपाच्या अक्षता टाकल्या नायत. देव कुठं जातोय? आहे तिथंच आहे. जमीन हलली, त्याला तो काय करणार? आता ह्या जागीच दहाव्या दिवसापर्यंत ठेवा, आणि ते मशीन बंद करा."

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सासूबाई पुढे गेल्या.

"म्हंजी देव हितंच हाय?"

"हितंच."

"बसल्या जागी हलला?"

"हलला."

सासूबाईंनी वाकून त्या कोऱ्या लाकडावरून बोट फिरवलं. शिल्पानं त्यांचा दंड धरला होता. मग त्या हळू म्हणाल्या, पण मला नीट ऐकू आलं.

"मग त्या राती देव घरात असता, तर त्यो बी आमच्यासंगट दगडाखालीच आला असता."

आणि त्या रडल्या. शिल्पा म्हणते, तिनं आईला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. गर्दीतल्या बायका जवळ आल्या, मी उगाच मोटरच्या वायरी काढत बसलो, कारण मलाही तोंड लपवायला जागा हवी होती.

गौरींबरोबर आमच्या घरचा गणपती निघाला. आरती झाली, मी अक्षता घेतल्या, तेव्हा सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "द्या हिकडं, जावईबापू," म्हणाल्या. त्यांनी अक्षता वाहिल्या, दोन्ही हात पाटाला लावले आणि तो जरासा सरकवला.

नदीवरून परत आलो, जेवलो. मी सवयीनं सतरंजी घेऊन अंगणाकडे निघालो. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या.

"शिल्पे," त्या आतून म्हणाल्या, "दाराला कडी लाव. डास येत्यात."