अलीशाचा निरोप

मोतीराम गुरुजींची एक गोष्ट अगदी हातखंडा होती, अलीशाची. अमडापूरच्या प्रार्थनामंदिरात तीस वर्षं दर रविवारी दुपारी त्यांनी संदेष्ट्यांचा वर्ग घेतला. बायबलातले, इस्राएलाचे ते जुने संदेष्टे त्यांच्या तोंडून ऐकताना चिखली तालुक्यातलेच वाटत. योना तर देवाने धाडलं त्या मेहकरला जायचं सोडून जालन्याच्या गाडीत बसे. पण अलीशा आला की वर्गातले शेतकरी सरसावून बसत. शेतात बैलांच्या बारा जोड्या जुंपलेल्या, बारावी खुद्द अलीशाच्या हाती. वाटेने एलीया संदेष्टा येतो, बोलावणं म्हणून आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो, आणि हा गडी बैल सोडून त्याच्यामागे निघतो. मग गुरुजी फळ्यावर धडा लिहीत : बोलावणं आलं की मागे पाहायचं नाही.

गोष्ट एवढीच नाही. मधला एक तुकडा गुरुजी गाळत. अलीशा आधी म्हणतो, आईबापाचा मुका घेऊन येतो, मग तुमच्यामागे येतो. एलीया त्याला अडवत नाही. अलीशा परत जातो, आपली जोडी अर्पण करतो, नांगराच्या लाकडांवर गावजेवण रांधतो आणि सगळ्यांना जेवू घालूनच निघतो. गुरुजींना हे तोंडपाठ होतं. पण त्यांचे तीन चांगले शिष्य सणाला म्हणून घरी गेले, ते परत फिरकलेच नाहीत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. गुरुजींनी ताकाचं भांडंच पालथं घातलं.

चौथा शिष्य वैजनाथ. डोणगावचा, अमडापुरात बियाण्यांच्या दुकानात कामाला. बारा वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोंडावर तो वर्ग संपल्यावर मागे थांबला.

"गुरुजी, माय बोलावून राह्यली. म्हणते, बैलाच्या खांद्याले तूच हळद लाव. जाऊ काय?"

असा शिष्य पुन्हा मिळणार नव्हता. त्यांनी बोट वर केलं.

"अलीशानं बैल सोडले म्हंजे सोडले, वैजनाथ. मांगं पाह्यलं नाही."

वैजनाथ गेला नाही. डोणगावात त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप कालवून ठेवलं होतं. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' हे बैलांना घरच्या मुलानेच म्हणायचं, हा त्यांचा हट्ट. दिवेलागणीपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. शेवटी शेजारच्या भगवंतरावांनी बैलांचे खांदे चोळले. पुढच्या चैत्रात मनकर्णाबाई गेल्या. वैजनाथाने हे सांगितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "देवाची इच्छा." आपलं पाप देवाच्या माथी मारायला माणसाला कितीसा वेळ लागतो!

आता वैजनाथ देऊळगाव राजाला स्वतः वर्ग घेतो. या श्रावणात त्याने गुरुजींना मुद्दाम ऐकायला बोलावलं. पत्र्याच्या खोलीत वीसेक माणसं होती. गुरुजी पुढच्या खुर्चीत मोठ्या समाधानाने बसले.

गोष्ट अलीशाची निघाली. तोच झगा, तेच बैल, आणि गाळलेला तुकडाही तोच. पेरलं तेच उगवलं होतं, आणि पीक नजर लागावी असं आलं होतं.

मग पूनम नावाची मुलगी उभी राहिली. "भाऊ, पोळ्याले घरी जाऊ काय? माय एकटीच हाये."

वैजनाथाने बोट वर केलं. "अलीशानं बैल सोडले म्हंजे सोडले, पूनमताई. मांगं..."

"थांब, वैजनाथ," गुरुजी खुर्ची धरून उठले. "गोष्ट अधुरी हाये. मीच अधुरी शिकवली." आणि मग मुका, गावजेवण, निरोप, सगळं त्यांनी सांगितलं. "पूनम, तू जाय. मायच्या हातचं जेव. मंग यावंसं वाटलं त ये."

पूनम लगेच पिशवी घेऊन निघाली. वैजनाथाने मान खाली घालून प्रार्थना उरकली.

बसस्टँडवर गुरुजी म्हणाले, "मले माफ कर, बाबा. तुले ते ठाऊकच नव्हतं."

"ठाऊक होतं, गुरुजी. त्याच दिवशी खोलीवर जाऊन वाचलं होतं. थैलीबी भरली होती."

"मंग गेला काऊन नाही?"

"मनलं, गुरुजींनी गाळलं त कारण असंन. तुमचा शब्द मोडवला नाही."

"अन् आज पूनमले तेच काऊन सांगतलं?"

वैजनाथाने गुरुजींची पिशवी उचलली.

"तुमचा धडा खोटा ठरला असता, त माय त्या दिवशी दारात उगीचच उभी राह्यली, असं झालं असतं ना, गुरुजी."

चिखलीची गाडी लागली. वैजनाथानेच त्यांना दंडाला धरून चढवलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि नेहमीसारखंच "सलाम, गुरुजी" म्हणून तो खाली उतरला.