उंच फळीवरची गार बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे आणि स्वभावानं पक्की घाबरट. माझ्या पोटात दुखऱ्या अंगाला लावायचं गार जेल असतं. कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावरची अक्षरं कशी चकचकीत होती! तेलकट हातांनी ती पार पुसली गेली. जेल संपलं की मालकीण मोठ्या डब्यातून मला पुन्हा भरते, म्हणून अजून टिकून आहे.

माझी मालकीण मसाज करते. एक खोली, एक उंच टेबल आणि धुतलेल्या टॉवेलांची चळत, एवढाच तिचा पसारा. तिचा नेम ठरलेला: आधी हात, मग गार. "इथे दुखतंय का?" असं विचारत विचारत ती आखडलेलं अंग मोकळं करायची आणि शेवटी मला दाबायची. "अहाहा! जादू आहे हो या बाटलीत!" लोक म्हणायचे. मी फुगून जायचे. कौतुक कुणाला आवडत नाही?

एके दिवशी तिचे भाऊजी आले, थोरल्या बहिणीचे यजमान. ते घरं रंगवतात. उजवा खांदा धरूनच आत शिरले.

"आज आधी ते गार लाव. नुसता हात लागला तरी जीव जातोय. उद्या छत रंगवायचंय."

"आधी नाही लावत मी, भाऊजी."

"घरच्या माणसालाही नियम?"

झालं! घरचं माणूस म्हटल्यावर ती विरघळली. तिनं मला दाबलं, पुन्हा दाबलं. खांदा गारठून बधिर झाला. आता दुखलं तरी यांना कळणार कसं?

"आणखी जोरात दाब. काही दुखत नाही," भाऊजी म्हणाले. ती जोर देत गेली. अगं, थांब ना! पण बाटलीला कुठलं आलंय तोंड? माझा जीव नुसता टांगणीला लागला.

अचानक तिचा अंगठा थबकला. "आत स्नायू फडफडतोय आणि तुम्ही म्हणताय दुखत नाही? घरीही लावता का हे?"

भाऊजी हळूच म्हणाले, "रोज सकाळी लावतो. शिडीवर चढण्याआधी."

तिनं ओल्या टॉवेलनं खांदा पुसून काढला. गारवा ओसरेपर्यंत ती थांबली. मग ती म्हणाली, "आता हात वर करा."

हात खांद्याइतका उचलला आणि अडकला. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"शिडीवर असं झालं असतं तर? ताईला काय सांगितलं असतं मी? तुझा नवरा माझ्या बाटलीच्या भरवशावर वर चढला होता म्हणून?"

"दुखलं की थांबावं लागतं गं," भाऊजी म्हणाले. "थांबलो तर काम दुसऱ्याला जातं."

काम दुसऱ्याला गेलंच. ती त्यांना ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी शिडी बंद केली, व्यायाम दिले आणि हलका मसाज चालू ठेवायला सांगितलं. आता ती त्यांना हलक्या हातानं चोळते आणि शेवटी माझा एकच थेंब लावते. मग मला सगळ्यात उंच फळीवर ठेवून म्हणते, "उजव्या हातानं बाटली काढलीत, की चढा शिडीवर."

तेव्हापासून मी इथे उंचावर बसते आणि भाऊजींची वाट बघते. ते येतात, हात उचलतात. मागच्या वेळी बोटं खालच्या फळीला लागली. एकदा त्यांनी टाचा उंचावून बघितल्या, तर मालकीण ओरडलीच, "लबाडी नाही चालायची!"

मित्रांनो, मला जरूर वापरा. मसाजनंतर माझ्यासारखा गारवा नाही. पण अंग काही सांगत असेल, तर माझ्याकडून त्याचं तोंड बंद करून घेऊ नका. आधी त्याचं ऐका.

दाराची कडी वाजली. भाऊजी आलेत. हात वर येतोय... खालची फळी गेली... माझ्या बुडाला बोट लागलंय. भाऊजींनी ओठ आवळलेत. भाऊजी, दुखत असेल तर सांगा हो! मी उद्याही इथेच आहे.