दम धरणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. लोखंडी, काळा, गोल, पुरणाच्या पातेल्याएवढा. पण माझ्यात कधी लाडू नव्हते की चिवडा. माझ्यात होती नुसती पोकळी, आणि त्या पोकळीवरच माझं सारं आयुष्य गेलं.

माझं खरं नाव ब्रेक बूस्टर. गाडी चालवणारा ब्रेकवर पाय ठेवतो, तेव्हा त्याच्या जोरात माझा जोर मिसळतो. इंजिन माझ्या पोटातली हवा ओढून घेतं. मधे एक रबरी पडदा असतो. पेडल हललं की पडद्यामागे बाहेरची हवा शिरते आणि त्याला पुढे ढकलते. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. वाटू द्यावं. पाळण्यातल्या बाळाला तरी कुठे ठाऊक असतं, की दोरी दुसऱ्या खोलीतून कुणीतरी ओढतंय?

कारखान्यात दोन पत्रे दाबून मला घडवलं आणि एका लाल, बुटक्या, दोन सीटांच्या गाडीत बसवलं. गाडी शर्यतीतल्यासारखी दिसायची. बॉनेट उघडलं की लोक इंजिन बघून माना डोलवायचे. मी मागच्या कोपऱ्यात. माझ्याकडे बघून कुणी मान डोलावल्याचं मला आठवत नाही.

पुढे ती गाडी पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याकडून नाशिकजवळ मखमलाबादला आली, महेशच्या घरी. महेशची गुलाबाची आणि झेंडूची शेती. फूलवाल्याने टेम्पो घ्यावा, तर हा घेऊन आला बिनटपाची गाडी. त्याची आई बायडाबाई ओट्यावरूनच म्हणाली, "बैलगाडीलाबी ताडपत्री असती. ह्या खाटेला चाकं कुणी लावली?"

दुसऱ्या आठवड्यात तीच डोक्यावरचा पदर दातात धरून गाडीत बसली आणि गंगापूर धरणापर्यंत जाऊन आली. उतरल्यावर एवढंच म्हणाली, "खाट बरी पळती."

महेशने बायकोला, प्रतिभाला, ह्याच गाडीवर शिकवलं. ती ब्रेकवर अशी उभी राहायची, जणू विहिरीचा पंप बंद करायचाय. महेशचं डोकं काचेवर आपटता आपटता राहायचं. मग तो शांतपणे सांगायचा, "जोर लावू नको गं. पायाने नुसतं सांगायचं. ऐकते ती."

मित्रांनो, ऐकायचो मी. पण त्याला बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. हळूहळू प्रतिभाचा पाय शिकला. दर रविवारी दोघं पेठच्या घाटात जायची. वरच्या वळणावर चहाची टपरी होती. तिथे थांबायचं, एक चहा दोघांत प्यायचा आणि संथपणे उतरायचं. उताराला तिचा पाय नुसतं सांगायचा आणि मी ऐकायचो. तेवढं सुख मला पुरे होतं.

दसऱ्याला गाडीला शेतातल्या झेंडूची जाड माळ पडायची. प्रतिभा मात्र बॉनेट उघडून एक फूल आतही ठेवायची. महेश हसायचा, की इंजिनावर भाजून जाईल ते. ती म्हणायची, "बाहेरच्यांना हार, मग आत राबणाऱ्यांनी काय पाप केलंय?" एका दसऱ्याला ते फूल घरंगळत माझ्या खांद्यावर येऊन बसलं. दिवाळीपर्यंत मी ते सांभाळलं.

मग महेश गेला. आजारपण थोडं, जाणं अचानक. गाडी शेडमध्ये उभी राहिली. शेडची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं. कितीतरी दिवस ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. आणि एका रविवारी प्रतिभा किल्ली घेऊन एकटीच आली. त्यानंतर ती दर रविवारी घाटात जाऊ लागली. परतल्यावर स्वयंपाकघरात तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. आठवड्यातून तेवढंच.

पण रबर म्हणजे काही दगड नव्हे. माझा पडदा वाळला, आणि एक दिवस त्याला चीर गेली. पाय पडला की माझ्यातून फुसफुस असा आवाज येई. ती माझी हाकच होती. पण उघड्या गाडीत वाऱ्याचा आवाज मोठा. पेडल दगडासारखं झालं. प्रतिभाच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. तिला वाटलं, आपला पायच गेला. ती गुडघ्याला तेल चोळत बसायची. मी भिंतीपलीकडे, आणि बोलणार कसा?

मुलगा मनोज गाडी तपासायला ललितच्या गॅरेजमध्ये ठेवून आला. ललित म्हणजे महेशचा जुना मित्र. संध्याकाळी, नवा भाग मिळेपर्यंत म्हणून, गाडी घरी परत पाठवून त्याने मनोजला फोन केला. मनोज तेव्हा फूलबाजारात, लिलाव रंगात आलेला. त्या गोंगाटात त्याला शेवटची दोनच वाक्यं कळली. घरी आल्यावर त्याने ती जशीच्या तशी आईला सांगितली, "ललितकाका म्हणाले, आता दम धरत नाही. वहिनींना म्हणावं, अशी घाटात नेऊ नका."

भिंतीपलीकडे लाटणं थांबलं.

प्रतिभाला वाटलं, हे तिच्याबद्दलच आहे. गुडघ्याचं, वयाचं, एकटीचं. ती म्हणाली, "खरंय त्यांचं. नाही राहिला दम. विकून टाक गाडी."

विंचूरचा एक हौशी माणूस गाडी घ्यायला तयार झाला. रविवारी तो येणार होता. त्या आठवड्यात प्रतिभा शेडकडे फिरकली नाही. भिंतीपलीकडचं गुणगुणणं तर बंदच होतं.

शनिवारी सून दिशा गाडी धुऊन आणायला निघाली. दिशा तिशीतली, रोज स्कूटरवर एक पोर पुढे आणि एक मागे घेऊन शहर पालथं घालणारी. मखमलाबाद नाक्याला समोर एक म्हैस आली. दिशाने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. दोन्ही पायांनी दाबला तेव्हा कुठे म्हशीच्या शेपटीपाशी थांबली. म्हशीने एकदा वळून पाहिलं आणि ती चालू लागली. दिशाने गाडी कडेला घेतली. तेव्हा तिच्या मनात आलं, माझा गुडघा तर धड आहे. मग?

धुणं राहिलं बाजूला. ती हळूहळू थेट ललितच्या दारात गेली.

"काका, ह्या गाडीचा ब्रेक इतका जड का आहे?"

"अगं, मी मनोजला सांगितलं की. दम धरत नाही."

"कोण?"

"कोण म्हणजे? बूस्टर!"

दिशाने कपाळावर हात मारला. "काका, अहो, आमच्याकडे सासूबाई स्वतःवर घेऊन बसल्यात ते. गाडी विकायला काढली त्यांनी."

ललितने हातातला पान्हा खाली ठेवला. "वहिनींना आत्ताच्या आत्ता इकडे बोलाव."

तासाभरात प्रतिभा गॅरेजमध्ये होती. ललितने मला सोडवून बाहेर काढलं, उघडलं आणि पडद्याची चीर तिच्यासमोर धरली. ती चिरेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दोष माझ्या पायाचा नव्हता?"

"पाय तुमचा चांगलाय वहिनी. दम ह्याचा गेला."

माझ्या मापाचा बूस्टर आता मिळत नव्हता. ललित म्हणाला, बरंच झालं. त्याने एका नव्या, जड गाडीचा मोठा बूस्टर शोधून आणला, दोन पडद्यांचा, म्हणजे गुडघ्याला आणखी हलका. बसवायला नवी पट्टी कापावी लागली. बूस्टरमधून ब्रेककडे जोर नेणाऱ्या दांडीचं माप पुन्हा पुन्हा लावावं लागलं, कारण दांडी लांब राहिली तर ब्रेक धरून बसतो आणि आखूड पडली तर पेडल पोकळ जातं. विंचूरच्या माणसाला मनोजने फोन करून माफी मागितली, आणि आईची कशी मागावी ते न कळून तिच्यासाठी भेळ घेऊन आला.

मग परीक्षा झाली. ललितने सांगितलं, इंजिन बंद ठेवून पेडल दाबत राहा, घट्ट झालं की पाय तसाच ठेवून किल्ली फिरवा. प्रतिभाने फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि तिच्या पायाखाली पेडल आपसूक थोडं खाली बसलं. जणू कुणी म्हणालं, हो, ऐकतोय.

प्रतिभाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "नुसतं सांगायचं," ती पुटपुटली. कुणाला सांगत होती, ते ललितला कळलं असावं. तो उगाच दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मित्रांनो, मला वाटलं होतं, आता मी भंगारात जाणार. पण प्रतिभाने मला फडक्यात गुंडाळून घरी आणलं. मी आता शेडच्या खिडकीत असतो. नवा बूस्टर माझ्याहून मोठा आहे, आणि मला त्याचा हेवा वाटत नाही. यंदाच्या दसऱ्याला त्याला एक फूल मिळालं. मग ती खिडकीशी आली आणि एक माझ्यावर ठेवलं.

तुमच्या घरातही कुणीतरी म्हणत असेल, आता माझ्यात दम नाही राहिला. लगेच मान डोलावू नका. त्यांचा चष्मा पाहा, जिन्याचा कठडा हलवून पाहा, जवळ बसा. कुठेतरी एखादा पडदा फाटलेला असतो. तो फुसफुस करून सांगतही असतो. आपण फक्त वाऱ्याचा आवाज जरा कमी करायचा.