दोन्ही घरचं सारखं

डॉक्टरांनी काट्याच्या दांडीवरचे वजन आणखी एक खाच पुढे ढकलले, तरी दांडी वरच राहिली. रुपचंदनानांनी श्वास रोखून पोट आत ओढले.

"पोट आत घेऊन वजन कमी भरत नाही, नाना," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वजन पुन्हा एक खाच पुढे सरकवले.

विलायतेहून मागवलेल्या त्या काट्याची दांडी अखेर सरळ झाली. डॉक्टरांनी आकडा पाहिला, टेबलावरचा कार्तिकातला कागद पाहिला, चष्मा पुसला आणि दोन्ही पुन्हा पाहिले. कार्तिकात दोनशे एक्केचाळीस पौंड होते. आता पौषात दोनशे सत्तेचाळीस. दाराशी पदर सावरून उभ्या असलेल्या मंजुळाबाईंना पौंडातले काही कळत नव्हते, पण डॉक्टरांचा चेहरा त्यांना स्वच्छ वाचता आला. नवरा तीन मणांच्या वर गेला होता आणि अजून वरच निघाला होता.

"मी काय सांगितलं होतं?" डॉक्टरांनी विचारले.

नाना काट्यावरून उतरण्याच्या श्रमानेच धापा टाकत होते, म्हणून उत्तर बाईंनी दिले. दोन महिने त्या ते घोकतच होत्या. गहू बंद, गोड बंद, तूप बंद, एका वेळेला एक भाकरी, आणि रोज गिरणेच्या काठापर्यंत पायी जाऊन पायी परत.

"मग हे काय आहे?" डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटला. "हृदय थकलंय यांचं. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतोय. मी गंमत करत नाही, बाई. असंच चाललं तर येत्या वैशाखातली आखाजी हे पाहतील, याची हमी मी देत नाही. घरात कोण वाढतं?"

"मीच वाढस."

"तूप?"

"भाकरवर टाकस. पळीभर."

"आत्ताच तुम्ही म्हणालात, तूप बंद!"

"नवराले कोरडी भाकर वाढू? मी अजून जित्ती शे, डॉक्टर."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. बारा वर्षे जळगावात दवाखाना चालवून त्यांचे केस पांढरे झाले होते आणि त्यातले निम्मे तरी या पळीभर तुपाने केले होते. "पळीभर तुपानं सहा पौंड चढत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "नाना, बाहेर कुठं कुठं जेवता?"

नानांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर बसवली. मंजुळाबाई सव्वीस वर्षे संसार करत होत्या. टोपी झटकली की काहीतरी लपवलेले असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

पाचोऱ्यापर्यंत ते आगगाडीने आले. पाचोऱ्याहून भडगावला नेणाऱ्या बैलगाडीत बसल्यावर बाईंनी नानांकडून एकेक गोष्ट काढून घेतली.

नाना हे भडगावचे आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांचे पंच. त्यांना कोणी नेमले नव्हते. वाटणी असो, सोयरीक असो, बांधाचा वाद असो, लोक त्यांनाच बोलावत आणि त्यांचे ऐकत. नानांची रीत एकच होती. ज्या दोघांचा तंटा, त्या दोघांच्याही घरी जेवायचे आणि दोन्हीकडे अगदी सारखे जेवायचे. एका घरी तीन मांडे खाल्ले तर दुसऱ्या घरीही तीनच, आणि मांडा म्हणजे खापरावर भाजलेली, हातभर रुंदीची, पुरणाने गच्च भरलेली पोळी, दूध-तुपात बुडवून खायची. वाढणाऱ्या बायका मोजत असत. पंच ज्या घरी कमी जेवला त्या घरावर त्याची मर्जी नाही, असे गाव धरून चालायचे, आणि मग निकाल कितीही चोख दिला तरी तो कोणी मानायचे नाही.

सध्या धनसिंग आणि वना या सख्ख्या भावांचे पेटले होते. दोघांत विहीर एक, मोट एक. गव्हाला पाणी कोणी कोणत्या दिवशी द्यायचे यावरून दिवाळीपासून बोलाचाली बंद होती.

"धनसिंगकडे कितला येळा जेवनात?" बाईंनी विचारले.

"सात."

"आन वनाकडे?"

नाना बैलांच्या शिंगांकडे पाहत म्हणाले, "सातावर एक. आठ. काल तठे चार मांडा खादात."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दोन महिने त्या पीठ मळताना मूठभर पीठ परत डब्यात टाकत होत्या, आणि हा माणूस पंधरा पंगती उठवून आला होता!

"दोन्ही भाऊ मिळीसन तुमले मारी टाकतीन. तितला एकच कामले त्यासनं जमस."

"असं बोलू नको. आते मिटामाच शे. दोन्ही कबूल शेतस. परवा धनसिंगकडे चार मांडा खादात, निकाल सांगा, का व्हयनं. शेवटलं जेवन."

"शेवटलंच व्हई," बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

परवाच्या दिवशी त्या नानांबरोबर निघाल्या. बैलगाडी मिळणार नाही, चालत यायचे, असे त्यांनी सांगितले आणि नाना मुकाट्याने चालले. धनसिंगच्या ओसरीवर गावातली पाच-सहा वडीलधारी मंडळी बसली होती. वनाही एका कोपऱ्यात मान खाली घालून आला होता. दिवाळीनंतर तो भावाच्या ओट्यावर पहिल्यांदाच चढला होता, आणि धनसिंगने त्याच्यासाठी स्वतः पाट मांडला होता. मंजुळाबाई आत स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या. तिथून नानांचे ताट दिसत होते.

धनसिंगची बायको भागाबाई वाढत होती. पहिला मांडा गेला. दुसरा गेला. नानांच्या कानशिलावरून घामाची धार उतरून गळ्याशी आली. पौषातल्या थंडीत बाकीचे लोक घोंगडी पांघरून बसले होते. भागाबाईने तिसरा मांडा ताटात टाकला आणि वर तुपाची वाटी उपडी केली. नानांचा हात ताटाकडे निघाला, मध्येच थांबला, छातीशी गेला, तिथे क्षणभर टेकला आणि पुन्हा ताटाकडे वळला. ओसरीवर ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

मंजुळाबाई उठल्या. उंबरा ओलांडून त्या सरळ पुरुषांच्या पंगतीत आल्या आणि नानांच्या पुढचे भरले ताट त्यांनी दोन्ही हातांनी उचलले.

"बस झायं," त्या म्हणाल्या.

पंचापुढचे ताट उचललेले त्या ओसरीवरच्या कोणी कधी पाहिले नव्हते. भागाबाई तुपाची रिकामी वाटी हातात धरून उभीच राहिली.

"वनाकडे चार," धनसिंग हळूहळू म्हणाला, "आन आमनाकडे दोन?"

"दोन नई, एक खातीन, तुमले काय?" बाईंचा आवाज चढला. "मानूस शे तो. कापूसनं पोतं शे का दाबी दाबी भराले?"

"वहिनी, आमनं अन्न कडू शे का?"

"मन्हं नशीब कडू शे!"

धनसिंगने पाटावरून उठून पायांत वहाणा घातल्या. वना त्याच्याआधीच ओटा उतरून गेला होता. महिन्याभरात दोघांनी जळगावला वेगवेगळे वकील धरले. त्या साली विहिरीवर मोट चालली नाही आणि दोघांचाही गहू हातभर वाढून वाळला.

त्या दिवशी घरी परतताना नाना वाटेत एकदाच बोलले.

"दोनच मांडा कमी पडनात."

त्यानंतर मंजुळाबाईंनी काही म्हणजे काही सोडले नाही. तुपाची बरणी माळ्यावर गेली. तो दिवस त्यांना जड गेला, पण बरणी गेली. नाना सकाळी नदीवर जाऊन यायचे, एक भाकरी खायचे आणि दुसरी मागायचे नाहीत. चैत्रात जळगावच्या काट्याची दांडी दोनशे बारावर सरळ झाली. पायाची सूज उतरली होती.

"उत्तम!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "बाई, तुम्ही कमाल केली. इतकं सांगूनही कोणी ऐकत नाही. तुम्ही ऐकलंत."

"उत्तम काय?" मंजुळाबाई कडाडल्या. "हाऊ मानूस बोलस नई. त्याले काही औषध शे का तुमनाकडे?"

डॉक्टरांना वाटले होते, या बाई पेढे देतील.

खरेच होते ते. ज्या माणसाला डोके खाजवायला फुरसत नसायची, तो आता दिवसभर ओट्यावर बसून असायचा. नानांची बायको ताट उचलते, ही बातमी दहा-बारा खेड्यांत पोचली होती. बोलावून अपमान कोण करून घेणार? लोक येता-जाता राम राम करत आणि न थांबता पुढे जात. शेजारच्या गल्लीत दोन साडूंचा बांधावरून वाद झाला, तो सोडवायला पाचोऱ्याहून कोणीतरी आणला. नानांनी ते ऐकले आणि त्या दिवशीची अर्धी भाकरी ताटातच राहिली. मंजुळाबाईंना त्या उरलेल्या तुकड्याचा असा संताप आला की तो त्यांनी उचलून थेट गाईपुढे टाकला. खात होता तेव्हा मरायला टेकला होता, आणि आता खात नाही तर असा बसून राहतो! बाईने करायचे तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मागच्या दाराने शेजारच्या कुंदाबाईकडे गेल्या. दोघी चुलीजवळ बराच वेळ हळू आवाजात बोलत बसल्या. मग मंजुळाबाई मागच्याच दाराने परत आल्या, आणि थोड्या वेळाने पुढच्या गल्लीत असा आरडाओरडा उठला की चार घरची माणसे बाहेर आली.

"मन्ह्या बिबड्या खादात तुनी बकरीनी! खाटभर बिबड्या!"

"मन्ही बकरी? तू पाहं का डोळाघाई?"

ज्वारीच्या पापडांची खाट मध्ये होती आणि दोघी दोन्ही बाजूंनी हात नाचवत होत्या. नाना ओट्यावरून पाहत राहिले. कुंदाबाईने आपली एकुलती एक बकरी शिमग्यालाच विकली होती, आणि गिऱ्हाईक नानांनीच आणून दिले होते.

ते उठले. पायऱ्या उतरून, न धापा टाकता, खाटेजवळ आले.

"एकेक जनी बोला. बकरी कोनता रंगनी व्हती?"

"काळी," मंजुळाबाई म्हणाल्या.

"पांढरी," त्याच क्षणी कुंदाबाई म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मंजुळाबाईंची मान लाल झाली. नानांनी बायकोकडे जरा जास्त वेळ पाहिले. गल्लीत आता आठ-दहा माणसे थांबली होती.

"मंग त्या दोन बकऱ्या व्हत्यात," नाना गंभीरपणे म्हणाले आणि खाटेच्या कडेवर बसले.

त्यांनी दोघींचे सगळे ऐकून घेतले. खाट कोणी कुठे टाकली, राखण कोणाची होती, कुंपणाची काटी कोणी काढली. घाई केली नाही. मग निकाल सांगितला. कुंदाबाईने उद्या बिबड्या घालायला यायचे, आणि मंजुळाबाईंनी वाटेत खाट टाकायची नाही. थांबलेल्या लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, बराबर शे.

कुंदाबाईला राहवले नाही. "नाना, न्याय कया तुम्ही. बसा, काहीतरी वाढस."

मंजुळाबाई एक पाऊल पुढे सरकल्या.

"पानी आन," नाना म्हणाले. "आन आमना घरमाईनबी आना."

दोन पेले आले. नानांनी उठून ते ओट्याच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवले आणि वाकून पाहिले. कुंदाबाईचा दोन बोटे उणा होता. त्यांनी तो तिच्या हातात परत दिला.

"सारखं भरी आन," ते म्हणाले. "लोक देखी ऱ्हायनात."