मुक्याचं फडताळ

म्हातारीनं फडताळाचं वरचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि वास घेतला. दुकानदार कौतुकानं बघत उभा राहिला. आधी वास घेणारं गिऱ्हाईक शेवटी फडताळ घेऊनच जातं, असा त्याचा अनुभव होता.

"दोनशे वर्षांचं आहे, आजी. एका मोठ्या घरच्या स्वयंपाकघरातलं. मसाल्याचा वास अजून गेलेला नाही बघा."

"मोहरी," म्हातारी आतूनच म्हणाली. "आणि लसूण."

"नाक म्हणजे नाक आहे तुमचं."

मागे उभ्या असलेल्या सुनेनं ओठ घट्ट मिटून घेतले. ती मोहरी फोडणीत तिनं स्वतःच्या हातानं टाकली होती, आणि त्याला दोनशे नव्हे, पुरती चार वर्षंही झालेली नव्हती.

फडताळ तिच्या सासऱ्यानं केलेलं होतं. सगळे त्याला मुका म्हणत. बोलता येत नव्हतं म्हणून नव्हे. काम करताना तोंडात लाकडाच्या बारीक खुंट्या धरायची सवय होती, आणि काम तो दिवसभर करायचा. लोखंडी खिळ्याला त्यानं कधी हात लावला नाही. या दुकानासाठी त्यानं एकवीस वर्षं नवी फडताळं जुनी करून दिली. सायकलची तार वाकडी करून, तापवून, किड्यानं पोखरल्यासारखी भोकं पाडायची, कारण किडा सरळ जात नाही. चहाच्या चोथ्याचं पाणी आणि गंजाचं पाणी लाकडाला आलटून पालटून पाजायचं. कडा साखळीनं घासायच्या. एवढं झालं की फडताळ स्वतःच्याच स्वयंपाकघरात आणून ठेवायचं. पिकायला, असं तो म्हणे. मग दोन महिने सासूनं आणि सुनेनं त्यात डबे, बरण्या ठेवायच्या, तेलाच्या हातानं दारं उघडायची आणि चुलीचा धूर त्याला लागू द्यायचा. म्हातारीला त्या घरात स्वतःचं म्हणून एक फडताळ कधी मिळालं नाही. जरा हात बसला की मागच्या बोळात दुकानाचा टेम्पो येई आणि बरण्या पुन्हा जमिनीवर.

मागच्या वर्षी मुका गेला. रंधा हातात असतानाच बसला तो उठला नाही. मुलगा दुकानात कळवायला गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं. दुकानदारानं गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोण सुतार? माझ्याकडे सुतार नाही. माझा माल जुन्या घरांतून येतो."

म्हातारीनं ते वाक्य मुलाकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

आज ती ठेवणीतले कपडे घालून, रिक्षा करून, समोरच्या दारानं आली होती. स्वयंपाकघरासाठी एखादं जुनं फडताळ बघू, एवढंच तिनं सुनेला सांगितलं होतं. सुनेला ते पटलं नव्हतं. ज्या बाईनं पंचवीस वर्षांत घरात चमचाही दुसऱ्याच्या पसंतीनं आणू दिला नाही, तिला आज सुनेचं मत कशाला हवं होतं, हे रिक्षात बसल्यापासून तिला कळत नव्हतं. आता थोडं थोडं कळायला लागलं होतं.

दुकानात आणखी एक बाई होती. डोंगरावर तिनं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या आणि स्वयंपाकघर जुन्या वस्तूंनी सजवायचं मनात घेतलं होतं. हातात टेप, कानामागे पेन्सिल. याच फडताळावर आणि शेजारच्या जाळीच्या कपाटावर तिनं खडूनं खूण करून ठेवली होती. एकदा मापं घेतली की सौदा झालाच, हे दुकानदाराच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

तो तिच्याकडे वळला. "ही दाराची कड बघा, मॅडम. इथे कसा हात फिरलाय. त्या घरची मोठी बाई रोज पहाटे उठून हे दार उघडत असणार. पिढ्यान्‌पिढ्या. असला हात आता कुणाचा राहिलाय?"

म्हातारीनं त्या कडेवर स्वतःचा अंगठा ठेवला. बरोबर बसला. तिनं तो लगेच उचलला.

"बाई कशी होती म्हणालात?"

"खानदानी असणार. शांत. कमी बोलणारी."

सुनेला ठसका लागला.

म्हातारीनं मधला खण ओढला, पुन्हा सरकवला, पुन्हा ओढला. मग डोंगरावरच्या बाईकडे बघून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "तुम्ही घेताय वाटतं हे? घ्या हो. दिसायला छान आहे. मीही घेणार होते, पण फॅक्टरीचा माल मला चालत नाही. ओला झाला की फुगतो."

"फॅक्टरीचा?" त्या बाईचा टेप हातातच राहिला.

दुकानदार हसला. आजींची गंमत असते, वय झालं की असं होतं, असं काहीतरी तो म्हणाला. दोनशे वर्षांपूर्वी फॅक्टऱ्या होत्या का, असंही त्यानं विचारलं. म्हातारीनं खालचं दार उघडलं, मागच्या फळीच्या कोपऱ्यात हात घातला आणि न बघता एक खुंटी उपसून काढली. मुका प्रत्येक फडताळात एक खुंटी न ठोकता नुसती दाबून बसवत असे. फडताळ हलवायची वेळ आली तर ती काढायची, की मधली फळी सुटी होते. हे त्याच्याशिवाय या दोघींनाच माहीत होतं.

खुंटीचं टोक सोललेल्या बदामासारखं पांढरं होतं.

"दोनशे वर्षांत लाकूड इतकं पांढरं राहतं का हो?" तिनं ती खुंटी त्या बाईच्या हातात दिली. "बाहेरून रंग लावतात. आत लावायचा कंटाळा करतात."

सुनेनं सासूकडे पाहिलं. बाबांनी कंटाळा केलेला नव्हता. फळी सुटी होते तिथे रंग लावला तर खुंटी घट्ट बसते, म्हणून ते मुद्दाम लावत नसत. सासूला हे तिच्याहून जास्त माहीत होतं.

बाईनं खुंटी फिरवून पाहिली. नखानं खरवडली. मग दुकानदाराकडे पाहिलं, आणि त्याला एकदम आठवलं की जाळीच्या कपाटाखालची फरशी पुसायची राहिली आहे.

"दुरुस्ती झाली असेल मध्ये," तो म्हणाला. "एखादी खुंटी बदलली असेल."

"दुसरी काढू?" म्हातारीनं विचारलं.



"अहो, यात एवढं काय," म्हातारी त्या बाईला समजावू लागली. तिचा आवाज इतका गोड सुनेनं लग्नात सुद्धा ऐकला नव्हता. "रोज पन्नास निघतात असली. मशीन कापतं, मशीन चिकटवतं. माणसाचा हात लागत नाही. लाकडात जीव नाही की सांध्यात जीव नाही. हे बघा ना, खण कसा आडमुठा आहे. करणाऱ्याला काम येत असतं तर असा केला असता का?"

हे म्हणताना तिनं खणावरचा हात काढून पाठीमागे नेला. सुनेला दिसलं, की पाठीमागे तिनं स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं आवळून धरलं होतं.

डोंगरावरची बाई टेप गुंडाळायला लागली. "मशीनचंच घ्यायचं तर मला गावातही मिळेल," ती म्हणाली. "खडूची खूण पुसा. दोन्हींवरची."

"मशीनचं नाही हो," दुकानदार म्हणाला.

"मग?"

त्यानं रुमाल काढला. फडताळाचं वय तर हातचं गेलं होतं. आता उरलं होतं ते तरी वाचवावं, असा हिशोब त्याच्या डोळ्यांत दिसत होता. "हातचं आहे. संपूर्ण हाताचं. एक खिळा नाही की एक स्क्रू नाही यात. एका माणसानं एकट्यानं केलंय."

"कुठल्या माणसानं?" म्हातारीनं विचारलं.

"होता एक सुतार."

"मला जरा कमी ऐकू येतं."

शेजारच्या घरात दूध उतू जायच्या बेताला आलं तरी या बाईला ऐकू येतं, हे सुनेला ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली.

"सुतार होता एक," दुकानदार मोठ्यानं म्हणाला. "मुका म्हणायचे त्याला. माझ्यासाठी काम करायचा. वीस-एक वर्षं."

"एकवीस."

तो थांबला.

"चांगला होता का?" तिनं विचारलं.

आता त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. एकवीस वर्षं त्याचा टेम्पो तिच्या बोळात येत होता, पण तो स्वतः कधी खाली उतरला नव्हता. त्यामुळे तो चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. तरी काहीतरी त्याच्या लक्षात यायला लागलं होतं. डोंगरावरच्या बाईनं टेप अजून पर्समध्ये टाकलेला नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती.

"त्याच्यासारखा मी दुसरा पाहिला नाही," दुकानदार म्हणाला.

म्हातारीनं हात पुढे केला. डोंगरावरच्या बाईनं खुंटी त्यावर ठेवली. म्हातारीनं वाकून ती जागच्या जागी बसवली, अंगठ्यानं दाबली आणि फळी हलत नाही ना ते पाहिलं.

"हे आधी सांगितलं असतंत, तर मी घेतलं असतं," डोंगरावरची बाई दुकानदाराला म्हणाली. "दोन्ही घेतली असती. आता तुमची कुठली गोष्ट खरी मानायची?" तिनं स्वतःच रुमालानं खडूच्या खुणा पुसल्या, म्हातारीकडे बघून मान हलवली आणि निघून गेली.

दुकानदार खुर्चीत बसला. "तुम्ही त्याच्या कोण?"

म्हातारीनं चप्पल सरळ केली. "तुमच्याकडे गर्दी कुठल्या वारी असते हो?"

"रविवारी," तो बोलून गेला, आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"बरं."

दोघी बाहेर आल्या. ऊन चढलं होतं. सुनेनं रिक्षाला हात केला, पण रिक्षा थांबली नाही. म्हातारी दुकानाच्या काचेकडे पाठ करून उभी होती आणि पाठ करूनच मोजत होती, हे तिच्या हलणाऱ्या बोटांवरून कळत होतं.

"आत आणखी सात आहेत," ती म्हणाली.

"आई, सातही बाबांची?"

"चार."

सुनेनं काचेतून आत पाहिलं. "मग उरलेली तीन?"

म्हातारीनं कपाळावरचा घाम पुसला आणि येणाऱ्या दुसऱ्या रिक्षाला स्वतःच हात केला.

"तीही कुणीतरी केलीच आहेत की," ती म्हणाली. "त्यांचीही नावं विचारू."