अक्काच्या मापाचा दांडा

मित्रांनो, गाडीच्या पोटाखाली एक जुना लोखंडी दांडा गरगर फिरत असतो. तो मी. गॅरेजात मला शाफ्ट म्हणतात. इंजिन पुढे असतं, गाडी ढकलणारी चाकं मागे असतात, आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत मी पोचवतो. इंजिनाने कितीही डरकाळ्या फोडल्या तरी माझ्यावाचून मागचं चाक तसूभर हलत नाही. पण कौतुक कोणाचं होतं? इंजिनाचं. नाहीतर रंगाचं. लोक गाडी बघायला येतात, बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात, दार आपटून बघतात. वाकून माझ्याकडे बघणारा अजून जन्माला यायचाय.

आमच्यात एक रीत आहे. चांगला शाफ्ट बोलत नाही. जो आवाज करायला लागला तो बिघडला असं समजावं. मी आयुष्यात एकदाच बोललो, आणि त्यापायी एका घरात केवढा घोळ झाला, ते सांगतो.

मी काही कारखान्यातून चकचकीत होऊन आलेलो नाही. माझं मागचं टोक ह्याच गाडीच्या जुन्या शाफ्टचं. पुढचं टोक पाव पोचवणाऱ्या एका व्हॅनचं, जी वळणावर उलटून कायमची आडवी झाली. मधली नळी कोरी. म्हणजे माहेर, सासर आणि आजोळ एकाच अंगात. भांडण होणारच, असं तुम्हाला वाटेल. पण आम्ही तिघं कधी भांडलो नाही. भांडायची हौस माणसांना.

त्याचं असं झालं, की गाडीच्या जुन्या इंजिनाने एका चढावर काळा धूर सोडला आणि राम म्हटला. गाडीचा मालक साठी ओलांडलेला होता, डोक्यावर केस नावाला उरलेले. पण त्याची थोरली बहीण त्याला छोट्या म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच छोट्या म्हणायची. गल्ली म्हणाली, छोट्या, भंगारात घाल ही गाडी. छोट्या ऐकेना. त्याने त्या व्हॅनचं इंजिन आणि गिअरबॉक्स आणून ह्या गाडीत बसवायचा घाट घातला.

हट्टाला कारण होतं. ही तीन भावंडं. थोरली अक्का, मग मधली, मग छोट्या. मधलीची आठवण गेली होती. टेकडीवर एक घर आहे, तिथे अशा माणसांना सांभाळतात, तिथे ती राहायची. छोट्याला ती ओळखत नसे. आरशातल्या स्वतःलाही कधी कधी नमस्कार करायची. पण आठवड्यातून एकदा अक्का समोर येऊन बसली, की लहान मुलीसारखी पाठ फिरवून मान पुढे करायची, आणि अक्का तिचे केस विंचरायची. दुसऱ्या कोणाला ती केसांना हात लावू देत नसे. तेवढा वेळ ती गुणगुणायची. बाकी आठवडा गप्प.

बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते. वर चढायला अक्काचे गुडघे तयार नव्हते. गाडी गेली म्हणजे अक्काचं जाणं संपलं, आणि मधलीचं गुणगुणणं संपलं. एवढं सगळं त्या इंजिनावर होतं.

आता अक्काबद्दल सांगतो. अक्का शिंपीण. चौकातल्या तिच्या दुकानात कात्री एक होती आणि तिच्यापेक्षा धारदार वस्तू एकच, अक्काची जीभ. देहाने ऐसपैस. ती मागच्या सीटवर मधोमध बसली की सीटला आणखी कोणाची अपेक्षा राहत नसे. पण तिच्या अंगाविषयी चकार शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. एका भाच्याने एकदा काढला होता. तो अजून तिच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडतो.

तर इंजिन बसलं. व्हॅनचा गिअरबॉक्स आखूड निघाला, त्यामुळे जुना शाफ्ट पोचेना. नवा करायला हवा. फिटर मनाने सोन्यासारखा, पण उतावळा. गाडी त्याने लोखंडी घोड्यांवर चढवलेलीच होती, चाकं हवेत लोंबत होती. त्याने तशीच टेप लावली, मोजलं, माझ्या टोकाला मागेपुढे सरकायला बोटभर जागा सोडली आणि माप टर्नरकडे धाडलं.

मित्रांनो, इथेच माशी शिंकली. गाडी चाकांवर उभी राहिली की स्प्रिंगा दबतात, मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, वर येतो आणि मधलं अंतर घटतं. लोंबत्या गाडीचं माप नेहमी लांब येतं. फिटरला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं, आणि वेळेवर आठवणं वेगळं.

टर्नरने मला जीव लावून घडवलं. टोकं एका रेषेत आणली, वेल्डिंग केलं, लेथवर फिरवून बघितलं, आणि शेवटी माझ्या अंगावर लोखंडाचा एक छोटा तुकडा चिकटवला. नळी कितीही चांगली असो, एक बाजू किंचित हलकी असतेच. तिथे वजन दिलं नाही तर शाफ्ट थरथरतो. तो तुकडा मी दागिन्यासारखा मिरवला. कोणी बघितला नाही, ती गोष्ट वेगळी.

छोट्या आणि फिटर चक्कर मारून आले. गाडी लोण्यासारखी चालली. फिटरने बॉनेट थोपटलं. माझं नाव कोणी काढलं नाही.

मग रविवार आला. अक्का ठेवणीतले कपडे घालून, पिशवीत फणी आणि मधलीसाठी शिवलेला नवा झगा घेऊन मागे बसली. नव्या इंजिनाची दोन शब्दांत स्तुतीही केली, जी ती माणसांचीही करत नसे. गाडी ओढ्यावरच्या लहान पुलावर आली. त्या पुलाच्या तोंडाशी एक उंचवटा आहे.

ठक्.

तो आवाज माझा. बरोबर अक्काच्या पायांखाली. माझ्यापुढे सोडलेली बोटभर जागा अर्धी जमिनीने खाल्ली होती, अर्धी अक्काने. उंचवट्याला ॲक्सल वर आला आणि माझं टोक गिअरबॉक्सच्या आत जाऊन आपटलं. पुढच्या खड्ड्याला पुन्हा ठक्. चढावर तर मी दर वळणाला ठोकत होतो. अक्काने बोलता बोलता पाय उचलून घेतले.

सोमवारी छोट्याने गाडी फिटरकडे नेली. एकटा बसून पूल ओलांडला, आवाज नाही. फिटर स्वतः बसला, तरी नाही. फिटर म्हणाला, तुझे कान वाजत असतील. छोट्या परत आला. त्याला कळलं होतं. पण सांगणार कोणाला आणि कसं? फिटरला सांगावं तर अक्काच्या वजनाची चर्चा गॅरेजात होणार. अक्काला सांगावं तर भाच्याची गत होणार. त्याने अक्काला सांगितलं, रस्ता खराब झालाय.

अक्का काही दूधखुळी नव्हती. पुढच्या रविवारी तिचे गुडघे दुखायला लागले. त्याच्या पुढच्या रविवारी गिऱ्हाइकांची घाई निघाली. छोट्या एकटाच टेकडीवर गेला. मी फाटकाबाहेर उभा होतो आणि मला तिथून सगळं कळत होतं. अक्काने शिवून पाठवलेला दुसरा झगा मधलीने घेतला नाही. त्याच्या खांद्यावरून ती गाडीच्या मागच्या दाराकडे बघत राहिली. सांभाळणारी बाई छोट्याला सांगत होती, केसांचा पार गुंता झालाय, हात लावू देत नाहीत, आता कापावे लागतील.

परतताना छोट्याने घर गाठलं नाही. सरळ अक्काच्या दुकानासमोर गाडी उभी केली. उतरला, आणि वायपरशी खेळत उभा राहिला. अक्का शिलाई मशीनवर होती. मशीन थांबलं नाही.

"अक्का," छोट्या म्हणाला, "गाडी ठोकते ती तू बसलीस की ठोकते."

"मग मी काय बहिरी आहे? पहिल्याच दिवशी कळलंय."

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मशीन थांबलं. अक्का दारात आली.

"पाच वर्षांचा घोडा होईस्तोवर माझ्या कडेवरून उतरत नव्हतास. मी दहा वर्षांची. कंबर वाकडी झाली माझी. कधी म्हटलं का, की हे पोर जड आहे?"

छोट्या वायपर सोडून खाली बघायला लागला. मधलीच्या केसांचं त्याने खालमानेनेच सांगितलं. कापणार म्हणतात, असं म्हणाला. अक्काने गळ्यातली मापाची पट्टी काढली, गुंडाळली आणि मूठ मिटली.

"आमच्या धंद्यात कपडा घट्ट झाला तर गिऱ्हाइकाला बारीक हो म्हणत नाहीत. कपडा उसवतात. मी जड नाही, छोट्या. तुझ्या फिटरचा दांडा लांब आहे. चल, दार उघड."

गॅरेजात तिने फिटरला फक्त एवढंच विचारलं, की माप कसं घेतलं होतंस? फिटरने सांगितलं, गाडी वर होती, चाकं लोंबत होती, आणि सांगता सांगताच त्याने कपाळाला हात लावला. अक्का म्हणाली, छान, म्हणजे सदऱ्याचं माप तू माणसाला छताला टांगून घेतोस. फिटर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्याने गाडी चाकांवर उभी केली, माझं पुढचं टोक सोडवलं आणि स्वतः खाली सरपटला. त्याची टेप नेमकी सापडेना, तेव्हा अक्काने खिडकीतून आपली पट्टी खाली सोडली. छोट्या स्टिअरिंगवर, अक्का मागे, जशी नेहमी असते तशी.

आणि इथे, मित्रांनो, मी एक गंमत बघितली, ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. एवढी ठसक्यात बोलणारी अक्का, पण माप सुरू झालं तशी तिने दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरली आणि आपलं अंग हळूच उचलून धरलं. पोट आत घेऊन माप देणारी गिऱ्हाइकं तिने जन्मभर झापली, आणि आज तीच दम कोंडून बसली होती. स्प्रिंगा मला सगळं सांगतात.

फिटरला खालून पट्टीवर ते दिसलं असावं. पण तो शहाणा झाला होता. तो खालून हळूच म्हणाला, "अक्का, घाई नाही. घरी बसता तशा सैल बसा. तुमच्याच मापाचा करायचाय."

अक्काने हात सोडले. मोठा श्वास सोडला. सीट कुरकुरली, स्प्रिंगा खाली आल्या, ॲक्सल वर आला, आणि फिटरने पट्टीवर नखाने खूण केली.

मला पुन्हा लेथवर चढवलं. कापताना दुखलं नाही असं म्हणणार नाही. टर्नरने कोऱ्या नळीचा तुकडा काढला, पुन्हा जोडलं, पुन्हा फिरवून हलक्या बाजूला तो लोखंडाचा दागिना चिकटवला. अक्का स्टुलावर बसून बघत होती. तिने विचारलं, हे कशाला? टर्नर म्हणाला, वजन असल्याशिवाय सरळ चालत नाही तो. अक्काने छोट्याकडे बघितलं. छोट्याने लेथकडे बघितलं.

त्या रविवारी पुलाच्या उंचवट्यावरून आम्ही गेलो. मी पुढे सरकलो आणि परत आलो. कुठे लागलं नाही. उंचवटा गेल्यावर अक्काने पायाने खालचा पत्रा एकदा थोपटला. आयुष्यात माझं झालेलं तेवढंच कौतुक. मला पुरलं.

मधलीच्या केसांचा गुंता सोडवायला दुपार गेली. कापले नाहीत.

मग पुष्कळ रविवार गेले. शेवटच्या वर्षात अक्का छोट्याला फणी धरायला शिकवायची. तो जोरात ओढायचा. ती म्हणायची, फणी आहे ती, गिअर नाही, हळू. मधली आधी मान काढून घ्यायची. हळूहळू राहू द्यायला लागली.

अक्का गेली तेव्हा गाडी बरेच दिवस पत्र्याच्या शेडखाली उभी होती. माझ्या सांध्यांतलं ग्रीस सुकलं, अंगावर गंज चढला. उभ्या वस्तूला जेवढं लवकर म्हातारपण येतं तेवढं फिरत्या वस्तूला येत नाही. मग एके दिवशी छोट्याच्या हाताला ती फणी लागली असावी. तो आला, चावी फिरवली, आणि सगळ्यात आधी मला गॅरेजात घेऊन गेला.

फिटर आता घरी असतो. गॅरेज त्याची लेक चालवते, बापापेक्षा शांत डोक्याची. तिने खाली सरपटून मला नीट बघितलं, आणि वाकून बघणारा कोणी तरी जन्माला आलाय, हे मला कळलं.

"काका, हा शाफ्ट आखूड आहे," ती म्हणाली. "टोकाला जागा जास्त राहतेय. कोणीतरी माप चुकवलंय. नवा करून देऊ?"

"चुकलेलं नाही," छोट्या म्हणाला. "अक्का बसली की बरोबर येतो."

ती काही तरी विचारणार होती. मग तिने मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि ग्रीसची पिचकारी हातात घेतली.

आता आम्ही दोघंच टेकडीवर जातो. पुलाच्या उंचवट्यावर मी पुढे सरकतो, माझ्यापुढे बरीच जागा असते, आणि मी परत येतो. मधली मान पुढे करते. छोट्याचा हात आता हळू चालतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या पोटाखालच्यांना वर्षातून एकदा तरी वाकून बघा. सांध्यांत ग्रीस भरा, गंज चढू देऊ नका. आणि गाडीचं असो की आणखी कशाचं, माप घ्याल तेव्हा आपली माणसं आत बसवून घ्या. सैल बसू द्या त्यांना.